‘च्यायला’ रेडिओवर चालेल का? आणि ‘प्रोफेन’ला मराठीत काय म्हणाल?

खडूफळा
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये स्थानिक रेडिओसाठी कार्यक्रम करणाऱ्या हौशी मुलामुलींसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय. तिच्यात अमेरिकेतल्या नियमांवर एक परिच्छेद आहे. तिथल्या प्रसारण आयोगाने तीन खाने पाडलेत : ऑब्सीन, इंडीसेंट आणि प्रोफेन. पहिलं कधीच चालत नाही. बाकीची दोन सकाळी सहा ते रात्री दहा एवढ्या वेळात चालत नाहीत, एरवी चालतात. ऑब्सीनला ‘अश्लील’ घेतलं, इंडीसेंटला ‘असभ्य’. प्रोफेनपाशी गाडं अडलंय. आधीच्या मसुद्यात कुणीतरी ‘अर्वाच्य’ लिहून ठेवलंय, ते काही पटत नाही.

दुसरी अडचण घरचीच. निफाडकडच्या एका शेतकरी दादांची मुलाखत घेतली. उन्हाळ कांद्याबद्दल छान बोलले, चाळीत सडलेला माल, लिलाव, सगळं. मध्येच एक वाक्य : “च्यायला, ट्रॉलीचं भाडंसुद्धा निघालं नाही.” आमच्यातले ज्येष्ठ म्हणतात ही शिवी आहे, कापा. मी म्हणते हा उद्गार आहे. तुम्ही काय म्हणता?

मुळाक्षर
शिवीच. त्याच्या आईला → त्याच्यायला → च्यायला. पुढचं क्रियापद गिळलंय, एवढंच. गिळलं म्हणून नाहीसं होत नाही.

पारावरचा
मुळाक्षरराव, मग ‘साला’चं काय? श्यालक म्हणजे बायकोचा भाऊ. ‘साला, पाऊस आला’ म्हणताना पावसाला कुणी मेहुणा करत नाही. शब्द कुठून आला ते कोशात, आणि तो कुणाला लागला ते समोरच्याच्या तोंडावर दिसतं. दादांनी कुणाच्या आईला काही म्हटलेलं नाही. त्या वाक्यात समोर कुणी माणूसच नाही, भाव आहे. राहू द्या.

ब्लेड_आणि_टेप
मी पूर्वी रेडिओसाठी संपादन करायचो, स्पूल टेपच्या काळात. नको असलेला शब्द सापडला की दोन्ही हातांनी रिळं पुढेमागे फिरवायची. तो शब्द जाड्या आवाजात ‘च्च्याऽऽ’ असा घरंगळत यायचा. बरोबर त्याच्या तोंडाशी टेपच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेत टेप धरून तिरकं ब्लेड मारायचं, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. तिरकं अशासाठी, की सांधा ऐकू येऊ नये. ‘च्यायला’ कापायला सोपा, कारण बोलणारा त्याच्यानंतर हमखास श्वास घेतो. पण तो श्वासही गेला की माणूस वाचून दाखवतोय असं वाटायला लागतं. त्यामुळे मी पुष्कळदा शब्द कापायचो आणि श्वास परत जोडायचो.

हल्ली वर ‘टूँ’ लावतात, साधारण हजार हर्ट्झचा सूर. माझ्या मते तो सूर म्हणजे शिवीची जाहिरात. ऐकणारा त्या जागी दादांनी म्हटलं असेल त्याहून चौपट घाण काहीतरी मनात भरतो.

गोदातीर
नियमाचं बोलूया का? आपल्याकडे आकाशवाणीची कार्यक्रम संहिता आहे. अश्लील, बदनामीकारक काही प्रसारित करायचं नाही, असं तिच्यात आहे. खासगी एफएमला परवाना देताना तीच संहिता बांधून दिलेली असते, आणि २००६ च्या धोरणानंतर आलेल्या सामुदायिक रेडिओलाही. सामुदायिक केंद्राला तर प्रसारित केलेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात, म्हणजे कुणी तक्रार केली तर पुरावा हजर. पण वाक्य नीट वाचा : संहितेत शब्दांची यादी नाही. ‘च्यायला’ बाद, ‘अरेच्या’ पास, असं कुठेच लिहिलेलं नाही. ते कार्यक्रम करणाऱ्याच्या अकलेवर सोडलंय.

आणि शिवी म्हणजे अश्लीलता हे समीकरणही आता टिकत नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेब मालिकेच्या प्रकरणात सांगितलं, की असभ्य, शिवराळ भाषा आपोआप अश्लील ठरत नाही. तो खटला इंटरनेटवरच्या मजकुराचा होता, रेडिओचा नव्हे. पण खडूफळा ताई, तुमचे ‘अश्लील’ आणि ‘असभ्य’ हे दोन खाने वेगळे ठेवायला आधार पक्का मिळाला.

मुळाक्षर
न्यायालय भाषाशुद्धी ठरवत नाही.

पारावरचा
तुम्हीही नाही :)

सप्तशृंग
अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, तिकडचा गाजलेला खटला एका बापाच्या तक्रारीवरून झाला. ऑक्टोबर १९७३, भर दुपारी न्यूयॉर्कच्या एका रेडिओने जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचं ते शिव्यांवरचं भाषण लावलं, गाडीत पोरगा शेजारी. १९७८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी आयोगाची बाजू उचलून धरली. कारण काय दिलं, तर रेडिओ घरात न विचारता घुसतो आणि पोरांच्या कानावर सहज पडतो. गंमत अशी, की शब्द वाईट का हे बाजूला राहिलं आणि घड्याळ पुढे आलं. रात्री दहानंतर तोच शब्द चालतो.

आमच्या घरात मात्र उलट होतं. आजी पहाटे उठायची ती ‘मुडद्या, मेल्या, तुझं तळपट होवो’ करतच, आणि रात्री दहाला झोपलेली असायची.

खडूफळा
सप्तशृंग, :D. पण प्रोफेन?

अनुस्वार
प्रोफेनचं मूळ लॅटिन. ‘फॅनम’ म्हणजे देऊळ. प्रोफेन म्हणजे देवळाच्या पुढ्यात, म्हणजे बाहेर राहिलेलं. आधी देवनिंदेला म्हणायचे, मग देवाचं नाव उगाच घेण्याला, आणि घसरत घसरत सगळ्याच शिव्यांना. आपल्याकडे देवाचं नाव उगाच घेणं ही शिवी नाहीच. ‘अरे देवा’, ‘रामा शिवा गोविंदा’ म्हटल्याने कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. म्हणून सरळ प्रतिशब्द मिळत नाहीये. मला एक सुचतो : ओवळी भाषा. सोवळं-ओवळं प्रत्येकाला कळतं, आणि देवळाशी असलेला संबंधही टिकतो.

मुळाक्षर
वा! ‘ओवळी भाषा’ झकास. शंभर टक्के मराठी शब्द.

रमाईचा_लेक
झकास? नाशकात बसून पुस्तिका करताय आणि ‘देवळाबाहेरची ती घाण भाषा’ असं मुलांना शिकवणार? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे वर्षानुवर्षं चालला. देवळाबाहेर कोण होतं आणि कुणी ठेवलं होतं, हे पंचवटीत कुणालाही विचारा. ‘ओवळं’ हा शब्द माझ्या आजोबांच्या पाण्याच्या तांब्याला लावलेला आहे. तो शिवीचं नाव म्हणून नको, तो स्वतःच एक शिवी आहे.

आणखी एक. ‘च्यायला’वर एवढी चर्चा चाललीय, पण जातींची नावं घालून केलेल्या म्हणी? त्या कुणी कापत नाही, ‘ग्रामीण ठेवा’ म्हणून कार्यक्रमात लावतात. ट्रॉलीच्या भाड्यावर चिडलेल्या माणसाने कुणाचं काही घेतलं नाही. त्या म्हणी माणसालाच लागतात. संपादकाचं ब्लेड चालायचंच असेल तर तिकडे चालू दे.

अनुस्वार
रमाईचा लेक, मी फक्त शब्दाचा प्रवास सांगत होतो, हेतू तसा नव्हता.

रमाईचा_लेक
हेतूबद्दल बोललोच नाही. शब्दाबद्दल बोललो. इथे तेच चाललंय ना?

ब्लेड_आणि_टेप
यांच्याशी सहमत. आम्हाला ‘भाड्या’ कापायला सांगायचे, आणि अशा म्हणी लोकसाहित्याच्या नावाखाली सुखरूप जायच्या. तेव्हा मला त्यात वावगं वाटायचंही नाही.

कळवणचा_भो
मी पण वैतागलोय. ‘ग्राम्य’ हा शब्द बघा. संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष आहे. म्हणजे गावचं ते वाईट! आमच्या कसमादे पट्ट्यात, म्हंजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, अहिराणी बोलतात. दोन मित्र यष्टीच्या स्टँडवर भेटले की पहिलं वाक्य आईवरूनच सुरू होतं आणि चहावर संपतं. एकमेकांना नीट ‘अहो-जाहो’ करायला लागले की समजायचं, बांधावरून भांडण झालंय.

मुळाक्षर
म्हणून ते रेडिओवर लावायचं? स्टँडवर लोक तंबाखूही थुंकतात.

कळवणचा_भो
लावायचं नसेल तर नका लावू भो. पण आमच्या तोंडी पुस्तकी मराठी घालून ‘शेतकऱ्याचा आवाज’ असं नाव कार्यक्रमाला देऊ नका.

शब्दवेल्हाळ
‘शिवी’ शब्द आला कुठून? मला वाटतं ‘शिवणे’वरून. स्पर्श, विटाळ. म्हणून तर शिवी ‘लागते’.

अनुस्वार
शिवी लागते, तशी ठेच लागते, उचकी लागते, भूकही लागते. मला संस्कृत ‘शप्’ धातू जास्त जवळचा वाटतो. त्याच धातूपासून ‘शाप’ आणि त्याच धातूपासून ‘शपथ’, हे मात्र नक्की. म्हणजे ‘आईशप्पथ’ आणि आजीचं ‘तळपट होवो’ ही एकाच घरची भावंडं. इंग्रजीतल्या ‘स्वेअर’चेही दोन्ही अर्थ आहेत. शिवी त्या घरची आहे का, ते तुम्ही ठरवा.

शब्दवेल्हाळ
माझं शिवणेच. आमच्याकडे ‘शिवी’ म्हणताना आजी कानाला हात लावायची.

मुळाक्षर
यात कुठे आली व्युत्पत्ती?

सप्तशृंग
क्रियापदं जास्त मजेची आहेत. शिवी देतात, घालतात, हासडतात. ‘शेलकी’ असेल तर हासडतातच, देत नाहीत. शिव्यांची ‘लाखोली’ वाहतात, म्हणजे देवाला लाख बेलाची पानं वाहावीत तसं. आणि सात पिढ्यांचा ‘उद्धार’ करतात. मराठीत शिवीगाळ सगळी देवळाच्या आतच चालते, अनुस्वार!

गोदातीर
‘अर्वाच्य’चं राहिलंच. मूळ शब्द ‘अवाच्य’, म्हणजे उच्चारू नये असं. मधला रफार नंतर घुसलाय. ‘अर्वाचीन’शी काही देणंघेणं नाही, नाहीतर शिव्या हा आधुनिक शोध ठरेल.

शब्दवेल्हाळ
‘अव्वाच्या सव्वा’ पण त्यातूनच आलं असणार. तोंडाने उच्चारू नये अशी किंमत!

गोदातीर
हे तुम्ही आत्ता रचलंत.

शब्दवेल्हाळ
रचलं तरी पटलं ना?

पारावरचा
माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न आहे. रंगपंचमीला तिवंधा किंवा शनी चौकाच्या रहाडीवरून कुणी थेट प्रक्षेपण केलं तर? पेशवाईपासूनचे हौद, रंगाचं पाणी, वरून पोरं धप्पा मारतात. धप्पा चुकला की चौकातून काय काय येतं ते ऐकलंय ना? थेट कार्यक्रमात काही सेकंदांचा उशीर ठेवून बटण दाबतात हे माहीत आहे, पण तिथे बटणावरचं बोट उचलायलाच मिळणार नाही. आणि होळीपासून पंचमीपर्यंतची शिवी तर आपण शिवी मानतच नाही. ‘शिमगा’ म्हणतो आणि हसतो. संहितेने त्याला काय म्हणायचं?

ब्लेड_आणि_टेप
अशा ठिकाणी माइक गर्दीकडे न धरता पाण्याकडे धरायचा. धपकन आवाज मोठा येतो, पाठोपाठ ओरडा येतो, शब्द कुणालाच लागत नाहीत. युक्ती आहे, नियम नाही.

मुळाक्षर
‘रहाडी’वरून की ‘राहाडी’वरून? मी ‘राहाड’ वाचलंय.

कळवणचा_भो
जुन्या नाशकातले ‘रहाड’च म्हणतात, र वर जोर नाही.

खडूफळा
मंडळी, पुस्तिका शुक्रवारी छापायला जातेय. ‘ओवळी’ बाद, ‘ग्राम्य’ही बाद. प्रोफेनला तूर्त ‘शिवराळ’ टाकतेय. दादांचं वाक्य पूर्ण ठेवतेय, श्वासासकट.

मुळाक्षर
‘शिवराळ’ हे माणसाचं विशेषण आहे. शिवराळ बाई, शिवराळ तोंड. भाषेला लावणं चूक.

सप्तशृंग
तोंडाला चालतं तर तोंडातून येणाऱ्या भाषेला का नाही? वर गोदातीरांनीही ‘शिवराळ भाषा’च लिहिलंय.

मुळाक्षर
त्यांनीही चूकच लिहिलंय.

शब्दवेल्हाळ
‘राहाड’ हे ‘राहाट’वरून असेल का? दोन्हीकडे पाणी.