ईसीजी नॉर्मल, तरी छाती-पाठ दुखतेय? नागीणही असू शकते
ईसीजी नॉर्मल आला, तरी छाती-पाठ दुखतेय, असं कोणी विचारलं की ते गॅस, नाहीतर पुण्यातल्या सिंहगड रोडच्या खड्ड्यांचा प्रसाद, असं बहुतेक जण सांगतात. खड्ड्यांबद्दल वादच नाही. पण एका नॉर्मल ईसीजीवर हृदयविकाराची शंका सुटत नाही; घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर तडक हॉस्पिटल गाठायचं. तिथे ईसीजी पुन्हा काढतात, ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) बघतात.

नागिणीचं (हर्पीस झोस्टर) नाव मात्र कोणीच घेत नाही. आमच्या कोथरूडच्या मावशींना उजव्या फऱ्याखालून छातीपर्यंत पट्टा आवळल्यासारखं दुखायचं, सुती ब्लाउजचा स्पर्शही सहन होईना. ओवा, शेक, बाम सगळं झालं. मग त्याच पट्ट्यात पाण्याचे बारीक फोड उठले, एकाच बाजूला, कण्यापाशी येऊन थांबलेले. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि बहुधा पन्नाशीनंतर, प्रतिकारशक्ती घटली की डोकं वर काढतो. दुखणं फोडांच्या काही दिवस आधीच सुरू होऊ शकतं, म्हणून डॉक्टरही चकतात. पुरळ उठल्यापासून 72 तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर उपयोग जास्त. तेव्हा फोडांवर काव (गेरू) लावत बसू नका. आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही शुद्ध थाप.