मेरू मूर्तीच्या मागेच का, आणि खपल्या पडलेल्या नरकाचं काय करायचं?

गाभारा: ‘थाई देवळांतली भित्तिचित्रं म्हणजे सजावट, रंग उडाला की नव्याने रंगवून मोकळं व्हावं’ हे वाचून राहवलं नाही. सजावट? बँकॉकच्या जुन्या देवळांत बहुधा दाराच्या वर, बुद्धमूर्तीसमोर, मारविजय असतो, म्हणजे मोहात पाडणाऱ्या मारावर बुद्धाने मिळवलेला विजय. मूर्तीच्या मागे त्रैभूमी, म्हणजे स्वर्गापासून नरकापर्यंत तिन्ही लोकांचं चित्र. मेरू आणि भोवतीच्या सात पर्वतरांगा उभ्या कापून दाखवतात, म्हणून त्या उतरत्या उंचीच्या खांबांसारख्या दिसतात. माथ्यावर इंद्राचा स्वर्ग तावतिंस, तळाशी नरक. बाजूच्या भिंतींवर हात जोडलेल्या देवांच्या रांगा, सगळे मूर्तीकडे वळलेले. यातली एक रेघ हलवली तरी अर्थ हलतो. जुनं आहे तेवढंच राखा.

रेघोट्या: म्हणजे तळ कोरा ठेवायचा? झिजतो तो तळच. नरक गेल्यावर त्रैभूमी उरते कुठे? बँकॉकच्या वाट फ्रा केओ देवळातली रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ चित्रं वेळोवेळी पुन्हा रंगवली आहेत, म्हणून त्यांची पूजनीयता कमी झाली का? तिथे रंगवणं हेही पुण्यकर्म आहे. तुम्ही देऊळ सोडून संग्रहालय मागताय.

चुनाभट्टी: दोघंही भिंत विसरलात! हे ओल्या गिलाव्यावरचं काम नाही, सुक्यावरचं आहे. नवा चुना काशिदच्या पाल्याच्या पाण्याने दिवसेंदिवस धुवायचा. मग हळद चोळून बघायची. लाल झाली तर चुन्याचा खार (अल्कली) शिल्लक आहे, पुन्हा धुवा. पिवळीच राहिली की चिंचोक्याच्या खळीत पांढरी माती कालवून थर द्यायचा, घोटायचा, आणि मग कवठाच्या डिंकातले रंग. घाई केलीत तर तो खार रंगही बिघडवतो. आणि तळ झिजतो तो जमिनीतल्या ओलीने. ओल क्षार घेऊन चढते, पाणी उडून जातं, क्षाराचे खडे रंगाला आतून ढकलतात. त्यावर कितीही रंगवा, पुन्हा खपल्याच.

रेघोट्या: मग खाली सिमेंटचा गिलावा करा, प्रश्न मिटला.

चुनाभट्टी: अहो, सिमेंटनेच तर वाट लागते! ओल बाहेर पडायची वाट बंद झाली की ती आणखी वर चढते, आणि शाबूत चित्रही फुगतं. वार्निशचंही तेच. अजिंठ्याला १९२०च्या सुमारास लाखेचं दिलं, ते पिवळं पडलं, आणि पुढे काढताना नाकी नऊ आले. आधी जोत्याशी ओल अडवा, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर न्या.

गाभारा: हेच म्हणतोय, हात लावू नका.

चुनाभट्टी: नाही, हे नाही म्हणत तुम्ही. भिंत सुकल्यावर गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरता येतो. लांबून सलग दिसतो, जवळून नवं काम कुठलं ते कळतं. रंग मात्र पाण्याने निघणारा हवा.

गाभारा: बरं, तेवढं मान्य. पण जुन्या खुणा शिल्लक असतील तिथेच. नरकातली नसलेली कढई आणि नसलेले यमदूत कल्पनेने काढू नका.

रेघोट्या: म्हणजे पूर्ण गेलेला नरक कोराच! माझं उत्तर अजून मिळालेलं नाही.