मदत हवी आहे: मॉर्मन पाहुण्यांसाठी गवती चहा, पण नाव काय लिहू?

सॉल्ट लेक सिटीत ३० जणांचं जेवण आहे, निम्मे पाहुणे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे. त्यांना कॅफीनच वर्ज्य, हा गैरसमज आहे, कोला चालतो. त्यांच्या चर्चच्या १८३३च्या आरोग्यनियमाप्रमाणे दारू, तंबाखू, कॉफी आणि चहाच्या झाडाची पानं वर्ज्य, म्हणून ग्रीन टीसुद्धा नाही. मांस चालतं, पण बेतानं. महिन्याचा पहिला रविवार टाळलाय, कारण त्या दिवशी दोन वेळचा उपास असतो.

अडचण गवती चहाची. साडेचार लिटर पाण्यात पाती, आलं, गूळ. पत्ती अजिबात नाही. पण नावातला ‘चहा’ ऐकूनच पाहुणे नको म्हणतील. ‘गवती काढा’ लिहू का? एवढ्या पाण्याला पाती किती लागतील? गाळणं मात्र नवंच घेणार, जुन्याच्या जाळीत पत्तीचा चुरा अडकलेला असतो. आणि कृपया, पाहुण्यांना बहुपत्नीत्वाबद्दल विचारू नका; चर्चनं ते १८९०मध्येच सोडल्याचं जाहीर केलंय.