जन्माच्या वेळचे कमी वजन आणि पुढच्या आयुष्यातील आजार: ऊसतोड कुटुंबांविषयी एक प्रश्न

प्रश्न (शिक्षिका, वाळवा तालुका)
गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उभ्या राहतात. त्यांतल्या गरोदर स्त्रियाही पहाटेपासून फडात असतात आणि डोक्यावरून मोळ्या वाहतात. तिथे अडीच किलोंहून कमी वजनाची बाळे आम्ही पाहतो. अशा बाळाचे वजन पुढे भरून निघाले, तर धोका संपला असे मानावे का, की ही उणीव पन्नाशी-साठीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही?

उत्तर १ (डॉक्टर, मिरज)
ताई, धोका पूर्णपणे संपत नाही. मात्र आजार अटळही नसतो. जन्मवजन कमी असणाऱ्यांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असतात, हे इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये जुन्या जन्मनोंदींवरून दाखवले. आपल्याकडचा पुरावा तर पुण्याजवळचाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील माता व मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. तरीही या लहानखुऱ्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अन्न अपुरे पडले की गर्भ मेंदू जपतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाढीत काटकसर करतो, आणि अशा शरीराला पुढे भरपूर खाणे व बैठे काम लाभले की मधुमेह लवकर गाठतो. पहिल्या दोन वर्षांत स्तनपान, सकस वरचा आहार आणि जुलाबापासून बचाव यांमुळे होणारी वाढ हिताचीच असते. काळजी वाटते ती त्यानंतर वेगाने चढणाऱ्या चरबीची.

उत्तर २ (आरोग्य कार्यकर्ता, माण तालुका)
डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मान्य आहे. परंतु सगळा भार गर्भावस्थेवर टाकला की दोष नकळत आईच्या माथी येतो आणि ते मला खटकते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी, धरला जातो, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा स्थितीत तिने विश्रांती कधी घ्यावी आणि तपासणीला कसे जावे? शौचालय नसल्यामुळे पाणी कमी पिणे आणि त्यातून होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हा तर रोजचाच प्रश्न आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. घरातली थोरली मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी कोपीवर राहते, तिची शाळा सुटते, लवकर लग्न होते आणि अपुऱ्या वाढीच्या तिच्या शरीरातून पुन्हा कमी वजनाचे बाळ जन्मते. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात तर नियमित पगाराच्या सरकारी नोकरांमध्येही खालच्या श्रेणीतले लोक हृदयविकाराने अधिक दगावत होते आणि धूम्रपानासारख्या सवयींनी तो फरक पुरता उलगडत नव्हता. मग ज्यांना आपल्या दिवसावर काहीच ताबा नाही, त्यांच्या प्रकृतीचे काय होत असेल?

उत्तर ३ (अंगणवाडी सेविका, जत तालुका)
ताई, आमच्याकडूनही कुटुंबे तोडीला जातात, म्हणून एवढेच सुचवते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत आणले आहे का, ते पहिल्याच आठवड्यात विचारावे आणि बाहेरगावची म्हणून न टाळता तिचे नाव तुमच्या गावच्या अंगणवाडीत नोंदवून घ्यावे. दुपारी गेल्यास कोपीवर फक्त मुले भेटतात. आशाताईंना वजनकाटा आणि लोहाच्या गोळ्या घेऊन, फड सुटल्यावर संध्याकाळी यायला सांगावे.