मदत हवी आहे: कॉक्स रिग्रेशनमधलं 'मेथड = एंटर' म्हणजे काय?

घाईतली_मी: पेशंटमध्ये एखादी घटना घडेपर्यंतचा वेळ कशाकशावर अवलंबून आहे हे बघायला कॉक्स रिग्रेशन केलं, तर आउटपुटमध्ये 'ब्लॉक १: मेथड = एंटर' असं येतंय. गाईड विचारतायत, कुठली मेथड वापरलीस आणि का? मी काहीच निवडलेलं नाही! त्यात मैत्रिणीने हाच डेटा आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये चालवला. तिचा उपचाराचा हॅझार्ड रेशो (दोन गटांच्या धोक्यांचं गुणोत्तर) १.६३, माझा ०.६२. म्हणजे उपचाराने धोका वाढतो की घटतो? उद्या दाखवायचंय.

आकडेमोड: सॉफ्टवेअर कुठलं? इव्हेंट, म्हणजे तू मोजतेयस ती घटना, किती जणांत घडली?

घाईतली_मी: एसपीएसएस, अजून कुठलं. पेशंट २४०.

आकडेमोड: पेशंट नाही, इव्हेंट विचारले.

जुना_खिलाडी: एंटर म्हणजे सगळी व्हेरिएबल्स एकदम आत, बस. त्यापेक्षा फॉरवर्ड एलआर लावा, त्यात सॉफ्टवेअर एकेक व्हेरिएबल तपासून आत घेतं, नको ती आपोआप गळतात. आम्ही कायम तेच करतो.

पी_मूल्य: कायम करता म्हणून बरोबर ठरत नाही. ती गळतात पी-व्हॅल्यूच्या जोरावर, आणि उरलेल्यांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल (आकडा किती मागेपुढे असू शकतो ती मर्यादा) उगाच अरुंद दिसतात. शिवाय फॉरवर्डच्या तिन्ही प्रकारांत व्हेरिएबल आत घ्यायची चाचणी एकच, 'स्कोअर' नावाची. कंडिशनल, एलआर, वाल्ड हा फरक फक्त बाहेर काढताना.

जुना_खिलाडी: एवढं वाईट असतं तर मेनूत ठेवलंच नसतं.

पी_मूल्य: मेनूत काय, काहीही असतं.

सहज_आलो: कापलान-मायरचा आलेख (वेळेनुसार किती जण घटनेविना राहिले तो) काढा, दोन गटांच्या तुलनेला लॉग-रँक चाचणी लावा, विषय संपला.

घाईतली_मी: तो झालाय हो! ०.६२ चं सांगा ना कुणीतरी. इव्हेंट ३१, व्हेरिएबल्स ७.

आकडेमोड: उपचार 'कॅटेगॉरिकल' (गटांत मोडणारी व्हेरिएबल्स) या खिडकीत टाकलास? तिथे काही न बदलता एसपीएसएस शेवटचा गट संदर्भ, म्हणजे तुलनेचा आधार, धरतं, आर पहिला. म्हणून तुलनाच उलटी झालीय, आकडाही उलटा दिसतोय. १ भागिले ०.६२ कर, १.६१ येतात. तिचे १.६३. राहिलेला फरक टाइजचा असणार. वेळ महिन्यांत नोंदवलाय ना?

घाईतली_मी: हो, महिन्यांत. टाइज कसले?

आकडेमोड: एकाच महिन्यात अनेक इव्हेंट असले की ते बरोबरीत येतात. एसपीएसएस तिथे ब्रेस्लो पद्धत वापरतं, आरमधली कॉक्सपीएच ही कमांड एफ्रॉन पद्धत. बरोबरी खूप असली की ब्रेस्लोचा आकडा १ कडे झुकतो. मैत्रिणीला ब्रेस्लो लावून बघायला सांग. आणि ३१ इव्हेंटांवर ७ व्हेरिएबल्स हे मला जास्त खटकतंय. व्हेरिएबलमागे १० इव्हेंट हा ढोबळ नियम, काहीजण तो ५ पर्यंत सैल करतात, तरी तू खालीच. वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची तीनेक ठेव, आणि ती आउटपुट बघून नको, आधीच ठरव.

फुकट_तेच_छान: म्हणून म्हणतो आर शिका. लायसनची कटकट नाही, एक पैसा नाही.

सहज_आलो: आणि शिकायला लागतं त्या वेळेचे पैसे कोण देणार?

घाईतली_मी: ब्रेस्लोने तिचा १.६१ आला! म्हणजे मेथडमध्ये 'एंटर, ब्रेस्लो, संदर्भगट अमुक' एवढं लिहू?

पी_मूल्य: लिही. आणि कोणता गट संदर्भ ते नावानिशी, '१' आणि '२' असं नको. प्रपोर्शनल हॅझार्ड, म्हणजे गटांमधलं धोक्याचं गुणोत्तर वेळेनुसार बदलत नाही ना, हे तपासलंस का?

घाईतली_मी: ते कुठल्या मेनूत असतं?