शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलला स्वस्त टायर घालावा का?

घाटवाट

हीरो स्प्लेंडर, बजाज प्लॅटिना, होंडा शाइन अशा गाड्या वापरणाऱ्या बहुतेकांसाठी टायर बदलणे म्हणजे महिन्याच्या खर्चाची घडी विस्कटणे असते. आमच्या तालुक्याच्या गावी नामवंत कंपनीचा मागचा टायर दोन हजारांच्या आत-बाहेर पडतो आणि त्याच मापाचा, कमी ऐकिवातल्या कंपनीचा टायर चौदाशे-पंधराशेत मिळतो. दोन्ही चाकांचे टायर एकदम बदलायचे झाल्यास हा फरक हजारापर्यंत जातो, म्हणून 'स्वस्त घेऊ नका' एवढाच सल्ला कोणाच्याही उपयोगाचा नाही.

माझे मत स्पष्ट आहे. बचत करायचीच असेल तर ती मागच्या चाकावर करावी, पुढच्या चाकावर करू नये, आणि वापरलेला किंवा रिमोल्ड केलेला, म्हणजे झिजल्यावर वरून पुन्हा रबर चढवलेला, टायर कोणत्याही चाकाला घालू नये. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा टायर करतो. मागचे चाक थोडे घसरले तर गाडी सावरायला वाव असतो. पुढचे घसरले की माणूस सावध होण्याआधीच खाली असतो. 'मी पुढचा ब्रेक वापरतच नाही' असे सांगणारे अनेक जण भेटतात, परंतु १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचा झाला आहे. जोडब्रेक असलेल्या गाडीत पायाने मागचा ब्रेक दाबला तरी पुढचाही काही प्रमाणात लागतो, त्यामुळे पुढच्या टायरची पकड त्यांनाही तितकीच लागते. शिवाय पुढचा टायर मागच्यापेक्षा बराच सावकाश झिजतो, म्हणजे त्यावर जास्त घातलेले पैसे अधिक काळ पुरतात.

'स्वस्त म्हणजे चिनी' हा समजही सोडून द्यावा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारसायकलसह अनेक वाहनांच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. दुकानात दिसणारे स्वस्त टायर बहुधा आपल्याच देशात, उदाहरणार्थ लुधियान्यातील कंपन्यांमध्ये, तयार झालेले असतात. त्यांच्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६२७ हा मानकाचा क्रमांक आहे का, हे मात्र स्वतः वाकून पाहावे, कारण २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने हे प्रमाणन बंधनकारक केले आहे.

निळेआभाळ

घाटवाट, पुढच्या चाकाविषयी तुम्ही लिहिले आहे ते मला मान्य आहे, पण मागच्या चाकाला तुम्ही जी सूट दिली आहे ती धोकादायक आहे असे मला वाटते. आपल्याकडे या गाडीवर एकटा माणूस क्वचितच बसतो. नवरा, बायको, मध्ये मूल आणि हँडलला पिशवी असा सगळा संसार या गाडीवर असतो आणि त्यातला मोठा भार मागच्या चाकावरच येतो. भरल्या गाडीचा मागचा टायर वेगात फुटला तर 'सावरायला वाव' हे शब्द फार काळ टिकत नाहीत.

दुसरा मुद्दा रबराचा. स्वस्त टायर जास्त काळ टिकावा म्हणून त्याचे रबर अनेकदा कडक ठेवलेले असते. कोरड्या डांबरावर फरक जाणवत नाही. मृगाच्या पहिल्या सरीने रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन जो राप तयार होतो त्यावर, किंवा ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर, तोच टायर गाडी आडवी करतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा अडसर फक्त मागच्या चाकाला बसतो, हेही विसरू नये.

आता पैशांचे पाहू. पाचशे रुपयांचा फरक धरला आणि टायर पंचवीस हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरमागे फरक पडतो दोन पैशांचा. शंभराच्या पुढच्या भावाचे पेट्रोल लिटरला साठ किलोमीटर देत असेल, तर त्याच किलोमीटरला पावणेदोन रुपये जळतात. जिथे पावणेदोन रुपये खर्च होतात तिथे दोन पैसे वाचवण्यासाठी घरच्या माणसांची पकड कमी करणे मला पटत नाही.

पार्सलवाला

निळेआभाळ, आपला हिशोब कागदावर बिनचूक आहे, पण त्यात हे पाचशे रुपये आज खिशात आहेत असे गृहीत धरलेले आहे. मी पुण्यात घरोघरी सामान पोहोचवतो. आमच्या कामात टायर झिजतो तो महिन्याच्या मध्यावर, हप्ता गेल्यानंतर. त्या दिवशी माझ्यापुढे नामवंत टायर आणि स्वस्त टायर अशी निवड नसते. माझ्यापुढे असतो नवा स्वस्त टायर किंवा गोटा झालेला जुना टायर, जो 'अजून पंधरा दिवस काढू' म्हणत पावसातही चालवला जातो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांच्या गाड्या पाहिल्या तर खरा धोका या दुसऱ्या टायरचा आहे. 'चांगलाच घ्या, नाहीतर घेऊ नका' या सल्ल्याचा परिणाम पुष्कळदा 'घेऊ नका' एवढाच होतो.

कडक रबराविषयी आपण म्हणता ते खरे आहे, म्हणून पावसात मी वेग कमी ठेवतो आणि पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक लावत नाही. पण दिवसभर गाडी चालवणाऱ्याला टायर जास्त किलोमीटर चालणे ही चैन नाही, त्यावर महिन्याची मिळकत ठरते.

गोठा_आणि_गाडी

मी दूध घालणारा माणूस आहे. वापरलेला टायर कोणत्याच चाकाला नको, हे घाटवाट यांचे विधान मला फार सरसकट वाटते. नवी गाडी घेतली की काही हौशी मुले मूळ टायर काढून रुंद टायर घालतात, आणि ते काढलेले मूळ टायर दुकानदाराकडे जवळजवळ कोरे पडून असतात. असा टायर निम्म्या किमतीत मिळत असेल तर अनोळखी नव्या टायरपेक्षा तो का वाईट? दुसरे असे की स्प्लेंडरच्या दोन्ही चाकांचे माप ८०/१००-१८ हेच आहे. आमच्याकडे पुढचा टायर मागे घालायचा आणि नवा पुढे, ही रीत आहे. त्यामुळे नवा चांगला टायर पुढे राहतो आणि अर्धा झिजलेला मागे संपतो. घाटवाट यांनाही पुढचे चाक महत्त्वाचे वाटते, मग त्यांना हे पटायला हरकत नाही.

जुनापाना

माझे दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून शेवटच्या मुद्द्यावर थांबतो. माप एक असले तरी ते दोन टायर एक नाहीत. मापाच्या पुढे छापलेला आकडा वाचा. स्प्लेंडरच्या पुढच्या टायरवर ४७पी असते आणि मागच्यावर ५४पी. यातले अक्षर वेगाची मर्यादा सांगते. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, तिथपर्यंत ही गाडी जाणारच नाही. पण आधीचा आकडा भाराचा आहे. ४७ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त १७५ किलो पेलू शकतो आणि ५४ म्हणजे २१२ किलो.

आता तुमचीच गाडी घ्या. चाळीस लिटरच्या दोन भरलेल्या कॅन म्हणजे दूधच ऐंशी किलोंच्या वर, त्यात कॅनचे वजन, आणि तो सगळा भार मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना टांगलेला. एकशेबारा किलोच्या गाडीचा निम्म्याहून अधिक भाग आणि चालवणाऱ्याच्या वजनातला मोठा हिस्सा त्यात मिळवला, तर मागचे चाक १७५ च्या पुढे जाते, आणि रस्त्यावरच्या खड्ड्याचा धक्का तर आणखी वेगळा. पुढचा टायर मागे घालून दूध वाहणे थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. अशा टायरच्या बाजूला फुगवटा येतो, आणि तो आला की मग टायर कोणत्या कंपनीचा होता हे विचारण्यात अर्थ नसतो.

नव्या गाडीवरून काढलेला कोरा टायर घेण्याला माझा विरोध नाही, मात्र तो आतून पाहून घ्यावा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या टायरच्या आत दोन-दोन ठिगळे सापडतात. काही ठिकाणी झिजलेल्या टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा कापून तो विकतात. त्याचे रबर मुळातच पातळ झालेले असते आणि खाचेच्या तळाशी दोऱ्यांचा थर अगदी जवळ येतो. खाचांच्या आत ठरावीक अंतरावर बारीक उंचवटे असतात आणि त्यांची जागा टायरच्या कडेला छोट्या त्रिकोणाने किंवा टीडब्ल्यूआय या अक्षरांनी दाखवलेली असते. ते उंचवटे कापले गेले असतील किंवा टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला असेल, तर तो टायर फुकटही घेऊ नका.

रिमोल्डविषयी घाटवाट यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. ट्रकच्या टायरचा सांगाडा पुन्हा रबर चढवता येईल इतका भक्कम बनवतात, त्यामुळे तिथे रिमोल्ड हा रास्त व्यवहार आहे. मोटारसायकल वळणावर झुकते. तेव्हा भार टायरच्या खांद्यावर येतो आणि रिमोल्डचा सांधाही नेमका तिथेच असतो. त्याच्या बाजूवर दिसणारे आयएसआय चिन्ह मूळ टायरचे असते, वर चढवलेल्या थराचे नव्हे.

कोकणचापाऊस

पुढच्या चाकाला महाग टायर घाला, तो खूप चालतो, या सल्ल्याची दुसरी बाजू इथे कोणी मांडली नाही. तो खूप चालतो म्हणूनच लोक तो बदलत नाहीत. रत्नागिरीत मी अशा कितीतरी गाड्या पाहतो, ज्यांच्या पुढच्या टायरच्या खाचा अजून खोल आहेत, पण रबर सात-आठ वर्षांत उन्हाने आणि हवेने वाळून कडक झाले आहे आणि कडेला बारीक चिरा पडल्या आहेत. गाडीवाला खाचेकडे बोट दाखवून 'टायर चांगला आहे' म्हणतो. चार महिने ओल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला असा महाग पण म्हातारा टायर असण्यापेक्षा, आयएसआय चिन्ह असलेला स्वस्त टायर दर तीन-चार वर्षांनी बदलणे मी अधिक सुरक्षित समजतो. म्हणजे घाटवाट यांच्या नियमाच्या नेमका उलट माझा कल आहे.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३५२५ असेल तर तो २०२५ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात 'नवा' म्हणून दिला जाणारा टायर दोन-तीन वर्षे माळ्यावर पडलेला असू शकतो, आणि मोठी सवलत ज्यावर मिळते तो बहुधा असाच असतो. हे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

निळेआभाळ

पार्सलवाला, गोटा टायरपेक्षा नवा स्वस्त टायर बरा, याबद्दल दुमत नाही. पण या चर्चेत किमती इतक्या का आहेत हे कोणी विचारत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने पाच मोठ्या टायर कंपन्यांना संगनमताने किमती ठरवल्याबद्दल एकूण १,७८८ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. तो आदेश फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. ग्राहकाने आपली सुरक्षितता कमी करून बचत करावी, असे सांगण्याआधी नामवंत कंपन्यांनी दर खाली आणावेत, अशी मागणी व्हायला हवी.

घाटवाट

निळेआभाळ, ते प्रकरण ट्रक आणि बसच्या टायरांचे होते, आणि अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये ते फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले. आपल्या गाड्यांच्या टायरांवर त्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही. ज्याची मागणी आज करता येते ती गोष्ट वेगळी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या करासह जो टायर २,००० रुपयांना मिळत होता तो नव्या कराने १,८४४ च्या आसपास मिळायला हवा. दुकानदार जुनाच दर सांगत असेल तर पक्के बिल मागावे. दीडशे रुपयांत नवी ट्यूबही येऊ शकते, आणि ट्यूब असलेल्या चाकाला नवा टायर घालताना जुनी ताणलेली ट्यूब परत घालणे टाळता येते.

कोकणचापाऊस यांचा मुद्दा वजनदार आहे. तरीही तो माझ्या नियमाच्या विरुद्ध जातो असे मला वाटत नाही, कारण त्यांनी तुलना केली ती जुन्या महाग टायरची नव्या स्वस्त टायरशी. दोन्ही नवे असतील तर ओल्या रस्त्यावर पुढे मी नामवंत टायरच घालेन आणि चिरा दिसताच खाचा न पाहता बदलेन. मागच्या चाकाविषयी मात्र जुनापाना यांचे वाचल्यावर एक अट वाढवतो. ज्याच्या गाडीवर रोज दोन माणसे किंवा ओझे असते, त्याने टायर कोणत्याही कंपनीचा घ्यावा, पण गाडीच्या पुस्तिकेत मागच्या चाकासाठी दिलेल्या भारांकापेक्षा, म्हणजे ५४ सारख्या भाराच्या आकड्यापेक्षा, कमी भारांकाचा घेऊ नये.

निळेआभाळ

भारांक छापलेला असला की दोन टायर सारखे होत नाहीत. तो आकडा फक्त किती भार पेलेल हे सांगतो. ओल्या रस्त्यावर किती अंतरात थांबेल हे मोटारसायकलच्या टायरवर कुठेच छापलेले नसते, आणि स्वस्त-महागमधला खरा फरक तिथेच आहे. कुटुंब घेऊन फिरणाऱ्याला मी मागचाही टायर चांगलाच घ्यायला सांगेन.

गोठा_आणि_गाडी

जुनापाना, आज गाडी पाहिली. मागच्या चाकावर ४७ आहे. ५४ चा नवा टायर गावात स्वस्त कंपनीचाच मिळतो आहे, १,४५० ला, ४१२५ असा शिक्का असलेला. नामवंत कंपनीचा हवा असेल तर तालुक्याला जावे लागेल आणि पाचशे अधिक मोजावे लागतील. दूध रोज जाते, त्यामुळे मी आज गावातला घेतो आहे आणि पुढच्याला हात लावत नाही.

जुनापाना

घ्या. बसवताना कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच आहे ना, एवढे पाहा. कॅन लावायच्या आधी, टायर थंड असताना, पुस्तिकेत जास्त भारासाठी दिलेली हवा भरा. पहिले शंभरएक किलोमीटर एकदम ब्रेक मारू नका, कारण नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो. पुढच्या टायरवरचे चार आकडे वाचून इथे लिहा.