लिव्हिंग विल: आईच्या मसुद्याबाबत मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

माझ्या 76 वर्षांच्या आईला सीओपीडी (श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे आणि घरी ऑक्सिजन लावावा लागतो. बुद्धी मात्र तल्लख आहे. सुधारण्याची आशा उरली नसेल तर आपल्याला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, नाकातून नळी घालून अन्न देऊ नये, पण धाप आणि वेदना कमी करणारी औषधे शेवटपर्यंत द्यावीत, असे तिने स्वतःच वहीत लिहून ठेवले आहे. आता त्याचा रीतसर दस्तऐवज, म्हणजेच लिव्हिंग विल, करायचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी अशा दस्तऐवजास मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. 24 जानेवारी 2023 च्या आदेशानंतर दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. इथवर काही अडचण नाही.

खरा पेच मजकुराचा आहे. या आजारात साध्या जंतुसंसर्गानेही श्वास एकाएकी खालावतो, पण काही दिवस यंत्राचा आधार मिळाल्यास रुग्ण सावरून घरी परतू शकतो. मग ‘व्हेंटिलेटर नको’ एवढेच लिहिले, तर टळू शकणारे मरणही आपणच ओढवून घेऊ, अशी मला धास्ती वाटते. ठरावीक मुदतीपुरता यंत्राचा आधार द्यावा आणि सुधारणा न दिसल्यास तो काढावा, असे कोणी लिहिले आहे का? मुदत दिवसांत लिहावी की उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर सोपवावी? (ऑनलाइन मिळालेले तयार नमुने या बाबतीत अगदीच मोघम वाटले.)

आईच्या वतीने बोलण्यासाठी एकापेक्षा जास्त जवळच्या व्यक्तींची नावे देता येतात. तिच्याजवळ राहणारी बहीण राजी आहे. परदेशातल्या भावाला मात्र ‘लोक काय म्हणतील’ याची चिंता आहे. दोघांची नावे घालून ऐनवेळी मतभेद झाला तर रुग्णालय कोणाचे ऐकते? उपचार थांबवायला दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागत असल्याने तेव्हा घरच्यांचे एकमत नसणे परवडणार नाही, असे मला वाटते.

शेवटचा प्रश्न प्रतीचा. ती स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्यायची असते, परंतु आमच्या तालुक्याच्या गावी आवक-जावक टेबलावर विचारले असता ‘हे जन्म-मृत्यू विभागात पाहा’ असे सांगण्यात आले आणि त्या विभागाने पुन्हा आवक-जावककडेच पाठवले. लहान नगरपरिषदेत कोणी अशी प्रत जमा केली असल्यास अर्ज कोणाच्या नावे केला आणि पोच मिळाली का, हे कृपया कळवावे.